वजन कमी करायला गॅस्ट्रिक बँड बसवून घ्यावा का? बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ३६ आहे, शुगरही आहे

शुगर असेल तर आपल्याकडे ३२.५ च्या पुढे डॉक्टर ऑपरेशनचा विचार करतात, त्यामुळे तुम्ही त्यात बसता. पण बँडच का? जठराच्या वरच्या भागाला सिलिकॉनचा पट्टा बांधतात, कातडीखाली पोर्ट (सुई टोचायची छोटी डबी) ठेवून त्यातून सलाइन भरून तो घट्ट-सैल करतात, म्हणजे दवाखान्याच्या चकरा आल्याच, शिवाय पट्टा सरकतो, कधी जठरात रुततो, बऱ्याच जणांना नंतर काढावा लागलाय. म्हणून आता जास्त करून स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून त्याची नळी करतात) नाहीतर बायपासच (जठर छोटं करून अन्नाची वाट पुढच्या आतड्याकडे वळवतात) करतात. बँड काढता येतो हा फायदा खरा, पण काढला की वजन परत चढतं बहुतेकांचं. आणि हो, आइस्क्रीम, मिल्कशेक बँडमधून आरामात खाली उतरतं, गोडाची सवय असेल तर अवघडच आहे. सर्जनला आधी स्लीव्हचं विचारा, इन्शुरन्सवाल्यांनाही, त्यांची बीएमआयची अट वेगळी असते.