डॉज वेपन कॅरियर : पुढचा हब तापतो आणि ऑइल गळतं

तुमच्या डॉज डब्ल्यूसी-५१ (दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी लष्करी ट्रक) चं डावं पुढचं चाक थोडं चालवलं की तापतं, टायरच्या आतल्या बाजूला काळे ओघळ येतात, आणि मेकॅनिक म्हणतोय की हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचं, सील बदला नि बेअरिंगचा नट आवळा. सील बदलावं लागेलच. नटाला मात्र अजून हात लावू देऊ नका.

आधी ते ऑइल कुठलं ते बघा. या गाडीचं पुढचं नकल, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो भाग, बंद गोळ्याचं आहे. वळलेल्या चाकालाही फिरवणारा आतला सांधा ग्रीसमध्ये फिरतो आणि डिफरन्शिअलचं ऑइल एक्सलच्या नळीतलं सील अडवून धरतं. ते आतलं सील गेलं की गिअर ऑइल नकलमध्ये उतरतं, तिथलं ग्रीस पातळ करतं, स्पिंडलच्या (हब ज्यावर फिरतो त्या दांड्याच्या) पोकळीतून हबमध्ये शिरतं, बेअरिंगचं ग्रीस धुऊन काढतं आणि शेवटी ब्रेक लायनरवर येतं. म्हणजे हबचं सील हा शेवटचा बळी. ते एकटंच बदललंत तर नवंही लवकरच गळायला लागेल. नकलचा प्लग उघडून पाहा. आत दाट ग्रीस दिसलं तर ठीक, पाण्यासारखं पातळ काळं ऑइल वाहिलं तर दोष आतल्या सीलचा. एक्सलचा ब्रीदर, म्हणजे हवा बाहेर जाण्याचं छिद्र, तोही साफ करा. तो चिखलाने बुजला की गरम हवा ऑइलला सीलमधून बाहेर रेटते. ओघळांना गिअर ऑइलचा तो गंधकासारखा उग्र वास नसेल तर ब्रेकचा व्हील सिलिंडर तपासा.

आता तापण्याचं. चाक जॅकवर घ्या, खाली घोडी लावा, मागच्या चाकांना अडण द्या. वर-खाली धरून हलवा. ढिलाई जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ढिलाई गेली तर ती बेअरिंगची, तशीच राहिली तर किंगपिनची, म्हणजे नकल ज्यावर वळतं त्या खिळीची. मग चाक हाताने फिरवा. जड फिरत असेल तर ब्रेकचं ॲडजस्टमेंट सैल करून पुन्हा फिरवा. मोकळं झालं तर बेअरिंगचा दोष नाही, शू घासतायत.

खोलताना दोन गोष्टी. डॉजच्या डाव्या बाजूच्या चाकाचे नट उलट्या आट्यांचे असतात. जोर लावण्याआधी स्टडवरचं 'एल' अक्षर बघा. आणि जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे ड्रमला कंप्रेसरची हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. एक्सल बाहेर ओढण्यापूर्वी सांधा कोणत्या पद्धतीचा आहे तेही ओळखा. या ट्रकना बेंडिक्स, झेप्पा आणि ट्रॅक्टा असे तिन्ही बसवले गेले होते, आणि बेंडिक्सचे गोळे निखळून पडतात.

बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन उजेडात धरा. रोलर निळसर दिसले तर ते जळलेत. कपवर (बेअरिंगच्या बाहेरच्या कडीवर) रोलरच्या अंतरावर बारीक काळ्या रेघा असतील तर गाडी बरीच वर्षं उभी होती आणि आत पाणी बसलं होतं. लिलावातून आलेल्या गाड्यांत हे हटकून दिसतं. असं बेअरिंग हाताला गुळगुळीत लागलं तरी बदला, आणि कोनबरोबर (रोलर असलेल्या आतल्या भागाबरोबर) कपही बदला. जुन्या कपवर नवा कोन टिकत नाही. नंबर कोनवर कोरलेला असतो. सीलची ओठपट्टी जिथे टेकते तिथे नखाला खाच लागली तर आधी बारीक स्टीलचं स्लीव्ह चढवा.

ग्रीस लिथियमचं, दोन नंबरचं वापरा. जुनं ग्रीस थेंबभरही ठेवू नका, दोन जातींची ग्रीसं मिसळली की पातळ होऊ शकतात. रोलरच्या फटीफटीत तळहाताने दाबून भरा, पण हबची पोकळी ठासून भरू नका. तापलं की ते सीलवर येतं.

आता नट. हब दोन्ही दिशांनी फिरवत आतला नट जड लागेपर्यंत आवळा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग सोडा, आणि ढिलाई जेमतेम जाईल इतकाच परत आणा. लॉक वॉशर नवा घाला, बाहेरचा नट आवळा आणि पुन्हा तपासा. बाहेरचा नट आट्यांमधली ढिलाई ओढून घेतो, त्यामुळे बरोबर लावलेला हबही इथे जड होतो. जड झाला तर सगळं सोडून आतला नट किंचित मागे घ्या. मनासारखं झाल्यावरच वॉशरची पात दुमडा. ऑइल प्यायलेले लायनर मात्र पेट्रोलने धुऊन परत लावू नका, दोन्ही बाजूंचे नवे घ्या, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढेल.

मग दहा-एक किलोमीटर चालवा, शक्यतो ब्रेक न मारता थांबा आणि दोन्ही हबना हात लावा. दोन्ही सारखेच कोमट लागले पाहिजेत. डावा अजूनही जास्त तापत असेल तर ड्रमच्या कडेचं आणि हबच्या मधोमधचं तापमान वेगवेगळं बघून इथे लिहा.