वाचकांचे प्रश्न : तार षड्ज आणि टाळ्या

प्रश्न : दूरचित्रवाणीवरील एका मराठी गायनस्पर्धेतील दोन स्पर्धकांवरून आमच्या घरी दर भागानंतर वाद होतो. एक तरुण अंतऱ्यात उंच स्वर लावून तो लांबवतो आणि परीक्षक उभे राहतात. दुसरी मुलगी संथ भावगीत शांतपणे गाते, तिची मात्र ‘छान’ एवढ्यावर बोळवण होते. मला तीच अधिक सुरेल वाटते. माझ्या कानांत काही दोष आहे का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपल्या कानांवर संशय घेण्याचे कारण दिसत नाही. उंच स्वर कोणालाही चटकन जाणवतो आणि तो जोर लावून गाठलेला असला तरी टाळी घेऊन जातो. उलट, मंद्रात, म्हणजे खालच्या स्वरांत, उतरताना आवाज पोकळ होतो का, दम संपल्यामुळे ओळीचे शेवटचे अक्षर गिळले जाते का, हे कान देऊनच ऐकावे लागते. त्या तरुणाचे गाणे पुढच्या वेळी ऐकताना तार षड्जावर (वरच्या ‘सा’वर) नव्हे, तर तिथून उतरून तो मुखड्याचा, म्हणजे गाण्याच्या पहिल्या ओळीचा, पहिला शब्द कसा धरतो त्यावर लक्ष ठेवा. जोर लावणाऱ्या गळ्याचा स्वर नेमका तिथेच चढा लागतो, आणि तोपर्यंत टाळ्या सुरू झालेल्या असल्याने तो कोणाच्या ध्यानात येत नाही. संथ भावगीतात अशी सवलत नाही, कारण लांबवलेला स्वर किंचित हलला तरी तो उघडा पडतो.

पट्टीचाही, म्हणजे गायक आपला ‘सा’ किती उंचीवर धरतो याचाही, विचार करावा. पुरुष गायक साधारणपणे काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये गातात, स्त्रिया काळी चार किंवा पाचमध्ये (ही नावे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून आली आहेत). पण स्पर्धेत मूळ ध्वनिमुद्रणाची पट्टी सोडणे म्हणजे कमीपणा, असा एक हट्ट दिसतो. गाणे स्वतःच्या गळ्याला मानवेल इतके खाली घेणारा स्पर्धक मला अधिक जाणता वाटतो.

शिवाय घरी पोहोचणारा आवाज संपादित आणि ध्वनिमिश्रण केलेला असतो, त्यामुळे परीक्षकांनी सेटवर ऐकलेले आणि आपण ऐकलेले गाणे तंतोतंत एक नसते. (उभे राहणे तर इतके स्वस्त झाले आहे, की बसून राहणाऱ्या परीक्षकाकडेच आता लक्ष जाते.)

शांत आवाजाचे पुढे काय होते, याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. झी मराठीवरील ‘लिटिल चॅम्प्स’चे पर्व २००९ मध्ये संपले तेव्हा विजेती कार्तिकी गायकवाड ठरली, पण आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत यांनाही रसिक विसरले नाहीत. मृदू गळ्याच्या आर्याने पुढे चित्रपटांसाठी पार्श्वगायन केले, आणि २०२१ च्या पर्वात हे पाचही जण परीक्षणाच्या बाजूला बसले.

प्रश्न : त्याच स्पर्धेतील तेरा वर्षांचा एक मुलगा अलीकडे बेसूर होऊ लागला आहे. रियाज कमी पडतो का?
– तेच वाचक

उत्तर : बहुधा त्याचा आवाज फुटत असावा. या वयात मुलांचे स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज हळूहळू जवळपास एका सप्तकाने, म्हणजे ‘सा’पासून पुढच्या ‘सा’पर्यंतच्या अंतराने, खाली येतो. तोवर गळा मध्येच घसरतो. अशा वेळी रियाज वाढवणे हा उपाय नव्हे. पट्टी उतरवावी, तार सप्तक काही महिने टाळावे, आणि तरीही त्याला जुन्याच पट्टीत गायला लावले जात असेल, तर मत देताना तो दोष त्याच्या खात्यावर घालू नये.