बाराशे ओळींचा रिपोर्ट आला, आता सुरुवात कुठून?

प्रश्न : मॅडम, सातपूर एमआयडीसीत आमचा ऑटो पार्ट्सचा कारखाना आहे. आयटी म्हणजे मी आणि हाताखाली एक पोरगा. मोठ्या ग्राहकाने मागणी केली म्हणून व्हल्नरॅबिलिटी स्कॅन (कॉम्प्युटरमधल्या सुरक्षेच्या त्रुटींची आपोआप होणारी तपासणी) करून घेतला. रिपोर्टात बाराशेच्या वर ओळी, त्यातल्या शंभरेक 'क्रिटिकल'. पुढच्या महिन्यात पेनिट्रेशन टेस्टिंगवाले, म्हणजे परवानगीने हल्ला करून बघणारे, येणार आहेत. मी वरून खाली एकेक पॅच (त्रुटीवरची दुरुस्ती) मारत सुटलोय. बरोबर करतोय ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. थोडं थांबा आणि ती यादी वेगळ्या क्रमाने लावा.

तुमचा रिपोर्ट सीव्हीएसएसच्या गुणांनुसार लावलेला असणार. शून्य ते दहाचं हे माप. एखादी त्रुटी वापरली गेली तर ती किती सहज वापरता येईल आणि घाव किती खोल बसेल, एवढंच ते सांगतं. ती प्रत्यक्षात कोणी वापरतंय का, आणि तुमच्या शेडमधल्या कोणत्या मशीनवर ती बसलीय, याचा त्या आकड्याला पत्ता नसतो. २०१४ च्या हार्टब्लीडला तेव्हाच्या मापात दहापैकी पाच मिळाले होते. निम्म्या इंटरनेटची झोप उडवणारी त्रुटी, आणि रिपोर्टात 'मध्यम'!

आधी केईव्ही यादी काढा. अमेरिकेच्या सिसा या सरकारी संस्थेने नोव्हेंबर २०२१ मध्ये ती सुरू केली. हल्ल्यात वापरल्याचा खात्रीचा पुरावा असलेल्या त्रुटीच तिच्यात जातात. सीव्हीई क्रमांक, म्हणजे प्रत्येक त्रुटीचा जगभर एकच असलेला ओळख क्रमांक, मिळालेल्या त्रुटी अडीच लाखांच्या पुढे आहेत. या यादीत आहेत दीड हजारांच्या आसपास. फाईल फुकट उतरवता येते. एक्सेलमध्ये सीव्हीई क्रमांकावर व्हीलूकअप लावा, दहा मिनिटांचं काम. तुमच्या बाराशेपैकी मोजक्याच ओळी जुळतील, आणि त्यातल्या काही तुमच्या रिपोर्टात अगदी खाली पडलेल्या असतील. रॅन्समवेअरवाल्यांनी (फाईली अडकवून खंडणी मागणाऱ्यांनी) वापरलेल्या त्रुटींची नोंद यादीत वेगळ्या रकान्यात असते. तो रकाना आधी.

जे जुळत नाही त्यासाठी ईपीएसएस. येत्या तीस दिवसांत ही त्रुटी कुठेतरी वापरली जाण्याची शक्यता किती, याचा हा रोज बदलणारा अंदाज. यात एक फसगत होते. पाच टक्के दिसले की माणूस म्हणतो, हे तर काहीच नाही. पण बहुतेक सीव्हीईंचा आकडा एका टक्क्याच्याही आत असतो, त्यामुळे पाच टक्केवाली त्रुटी रांगेत बरीच पुढची असते.

मग जागा बघा. बाहेरून दिसणारं काय आहे? व्हीपीएन, फायरवॉल, मेल सर्व्हर. आतलं महत्त्वाचं काय? डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर) आणि बॅकअपचा सर्व्हर. बॅकअपवाला लोक हमखास विसरतात.

आणि तुमच्याकडे सीएनसी मशीनला जोडलेला एखादा विंडोज ७ चा जुना पीसी नक्की असेल, ज्याला हात लावला की मशीनवाला वॉरंटीचं कारण पुढे करतो. त्यावर एमएस१७-०१० चा पॅच आहे का ते आजच बघा. ही विंडोजच्या फाईल-शेअरिंगमधली, इटर्नलब्लू नावाच्या एक्स्प्लॉइटने (त्रुटी वापरणाऱ्या कोडने) गाजलेली त्रुटी. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला पॅच दिला, १२ मे ला तीच त्रुटी वापरून पसरणारा वॉनाक्राय व्हायरस आला, २७ जूनला नॉटपेट्या. पॅच येऊन साडेतीन महिने झाले होते, तरी आपल्या न्हावा शेव्याचं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल अडकलंच. नॉटपेट्या एका पॅच न मारलेल्या पीसीवर शिरायचा, तिथल्या मेमरीतून पासवर्ड उचलायचा आणि त्या पासवर्डने पॅच मारलेल्या मशीनवरही जायचा. 'बाकी सगळे अपडेट आहेत, एकच राहिलाय' हे वाक्य म्हणूनच माझ्या डोक्यात जातं. पॅच मारता येत नसेल तर तो पीसी वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) टाका, एसएमबीची, म्हणजे त्या फाईल-शेअरिंगची, पहिली आवृत्ती बंद करा आणि ४४५ पोर्ट ऑफिसच्या नेटवर्ककडून अडवा.

केईव्ही आणि ईपीएसएस दोन्ही फक्त सीव्हीई क्रमांक ओळखतात, हे ध्यानात ठेवा. आपल्याकडच्या एखाद्या डेव्हलपरने बनवून दिलेलं हजेरीचं सॉफ्टवेअर त्यात सापडणार नाही. प्रिंटरचा आणि सीसीटीव्हीचा कंपनीतून आलेला पासवर्ड तसाच असेल, तर तोही नाही. येणारे टेस्टर मात्र पहिल्या दिवशी तेच बघतील. निदान मी तरी तेच बघते.

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पेनटेस्टिंगमध्येच जायचं ठरवलंय. मेटास्प्लॉइटमध्ये (तयार एक्स्प्लॉइटचं टूल) मॉड्यूलला 'एक्सलंट' लिहिलेलं असेल, किंवा एक्स्प्लॉइट-डीबीवर (एक्स्प्लॉइट गोळा करणारी साईट) हिरवी खूण असेल, तर तो 'टेस्टेड एक्स्प्लॉइट' समजून क्लायंटकडे सरळ चालवला तर चालतं का?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : हिरव्या खुणेचा अर्थ एवढाच की त्या साईटवाल्यांनी तो त्यांच्या मशीनवर चालवून पाहिला. क्लायंटच्या मशीनबद्दल ती खूण काहीच बोलत नाही. मेटास्प्लॉइटची श्रेणी जास्त कामाची, कारण ती बिघाडाबद्दल बोलते. 'एक्सलंट' म्हणजे याने समोरची सर्व्हिस पडणार नाही. कमांड इंजेक्शन, फाईल अपलोड असल्या मॉड्यूल्सना ती मिळते. मेमरीशी खेळणारे एक्स्प्लॉइट सहसा त्याखाली येतात, आणि तळाला असतं 'मॅन्युअल'.

ब्लूकीपचं बघ, सीव्हीई-२०१९-०७०८. रिमोट डेस्कटॉपमधली त्रुटी, गुण ९.८, पॅच मे २०१९ मध्ये आला. मेटास्प्लॉइटचं मॉड्यूल सप्टेंबरमध्ये आलं ते 'मॅन्युअल' श्रेणीतच. विंडोजची नेमकी आवृत्ती आणि मशीन खरं आहे की व्हर्च्युअल, आणि व्हर्च्युअल असेल तर कोणत्या सॉफ्टवेअरवर, हे आपण सांगायचं. चुकलं की निळा स्क्रीन. रिपोर्टात क्रिटिकल, हातात तयार एक्स्प्लॉइट, आणि तरी हॉस्पिटलच्या चालू सर्व्हरवर मी तो चालवणार नाही. पॅच नाही हे तपासून दाखवायचं आणि पुढे जायचं.

झिरोलॉगॉन, सीव्हीई-२०२०-१४७२, तर याहून शिकण्यासारखा आहे, कारण तिथे एक्स्प्लॉइट व्यवस्थित चालला तरी घात होतो. नेटलॉगॉनमध्ये, म्हणजे विंडोजच्या लॉगिन तपासायच्या यंत्रणेत, एन्क्रिप्शन असं वापरलं होतं की सगळे शून्य पाठवत राहिलं, तर दर २५६ प्रयत्नांत साधारण एकदा डोमेन कंट्रोलर तुम्हाला आपलाच समजतो. इथवर काहीही मोडलेलं नसतं. पुढच्या पायरीला एक्स्प्लॉइट त्या कंट्रोलरच्याच खात्याचा पासवर्ड रिकामा करतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेनच्या खात्यांच्या नोंदवहीत) रिकामा, त्या मशीनच्या स्वतःच्या साठ्यात मात्र जुनाच! दोघांचा मेळ बसत नाही आणि डोमेनचे व्यवहार एकेक करून ढेपाळायला लागतात. जुना पासवर्ड परत बसवायची तयारी नसताना हे केलंस, तर सोमवारी सकाळी सगळी कंपनी लॉगिनच्या पडद्यासमोर बसलेली असेल. म्हणून शहाणे टेस्टर तपासणीची स्क्रिप्ट चालवतात. ती पहिल्या पायरीवरच थांबते, आणि पुराव्याला तेवढं पुरतं.

माझ्या हिशेबी 'टेस्टेड' म्हणजे तो कसा चालतो याच्याइतकंच तो कसा पडतो हेही आपल्याला माहीत असणं. त्यासाठी लॅब लागते, आणि ती महाग नसते. विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी आवृत्ती मायक्रोसॉफ्ट फुकट देतं. बिल्ड नंबर क्लायंटच्या मशीनशी जुळवून घे, स्नॅपशॉट घे (म्हणजे मशीन होतं तसं परत आणता येईल), शेजारी वायरशार्क (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं टूल) चालू ठेव. एकदा शेल (समोरच्या मशीनवर कमांड द्यायचा ताबा) मिळाला म्हणून नाचू नकोस, पुन्हापुन्हा चालव. दर काही वेळांनी सर्व्हिस पडत असेल तर ते तुला क्लायंटच्या आधी कळायला हवं. मशीनवर मागे काय उरतं तेही लिहून ठेव : फाईल, नवा युजर, बदललेली रजिस्ट्री.

गिटहबवरून उचललेला कोड असेल तर आधी पूर्ण वाच. शेलकोडचा (थेट मशीनच्या भाषेतल्या कोडचा) लांबलचक गोळा दिसला आणि तो काय करतो हे सांगता येत नसेल, तर चालवू नकोस. नवी गाजलेली त्रुटी आली की तिच्या नावाने नकली कोड दोन दिवसांत फिरायला लागतो, आणि त्याचं सावज तूच असतोस.

कॉलेजच्या वेबसाईटवर 'सहज बघितलं' वगैरे अजिबात नको. लेखी परवानगीशिवाय ते आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली जाऊ शकतं, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. हेतू चांगला होता, हे तिथे पटवून देत बसावं लागतं.

प्रश्न : टेस्टरच्या रिपोर्टात आमच्या उबुंटू २२.०४ सर्व्हरवर ओपनएसएसएचची (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) 'रेग्रेशन' त्रुटी दाखवलीय. होस्टिंगवाला म्हणतो पॅच केव्हाच मारलाय. कोणाचं खरं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बहुतेक होस्टिंगवाल्याचं. ही सीव्हीई-२०२४-६३८७, जुलै २०२४ ची. मूळ ओपनएसएसएचमध्ये ती ९.८ आवृत्तीत दुरुस्त झाली, पण उबुंटूने आवृत्ती न बदलता दुरुस्ती ८.९ मध्येच बसवली. स्कॅनरने ८.९ वाचलं आणि लाल रंग दिला. सर्व्हरवर पॅकेजची पूर्ण आवृत्ती काढायला सांगा; शेवटी '३उबुंटू०.१०' किंवा त्यापुढचा आकडा असेल तर विषय संपला. खरोखर पॅच नसता तरी ही सगळ्यात आधी धरायची गोष्ट नव्हती. शोधणाऱ्या क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या लोकांनाच ३२ बिटच्या लिनक्सवर, लॅबमध्ये, रूट (सर्व्हरचा पूर्ण ताबा) मिळवायला सरासरी सहा ते आठ तास लागत होते.

प्रश्न : पेनिट्रेशन टेस्टचे पैसे दिले आणि हातात स्कॅनरचीच पीडीएफ आली, असं तर झालं नाही ना? कसं ओळखायचं?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : रंगीत वर्तुळाची चित्रं सोडून द्या आणि कोणतीही एक 'क्रिटिकल' ओळ उघडा. टेस्टरने ती स्वतः तपासली असेल तर तिथे दिलेली कमांड, आलेलं उत्तर, तारीख-वेळ, तुमच्या सर्व्हरचं नाव आणि कोणत्या खात्याने आत गेला हे दिसेल. एक्स्प्लॉइट मुद्दाम चालवला नसेल तर का नाही, हेही एका वाक्यात असेल. यातलं काहीच नसेल तर बिलाचा उरलेला हप्ता देण्याआधी टेस्टरला तासभर बोलवा आणि तीच ओळ तुमच्यासमोर पुन्हा करून दाखवायला सांगा.