नॅकच्या फायलीतली तत्त्वे आणि अकरा वाजता बसणारे वाय-फाय

या अंकासाठी निवडलेले तंत्रज्ञान सेवांविषयीचे पाचही प्रश्न नाशिक शहर आणि परिसरातल्या महाविद्यालयांमधून आलेले आहेत.

प्रश्न : नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) तयारीत आमच्या महाविद्यालयाला ‘तंत्रज्ञान सेवांची मार्गदर्शक तत्त्वे’ लिहायला सांगितली आहेत. दुसऱ्या एका संस्थेचा बारा पानी मसुदा हाती आला आहे. नाव बदलून तोच लावला तर चालेल का? कमीत कमी काय हवे?
— प्राध्यापक, आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) सदस्य, गंगापूर रोड

उत्तर : फाईल भरेल, काम चालणार नाही. मसुद्यातल्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा : हे तत्त्व मोडले तर ते कोणाला आणि कशावरून कळेल? ‘विद्यार्थ्यांना अत्याधुनिक सुविधा पुरवणे’ हे वाक्य कधीच मोडत नाही, म्हणून ते काढा. ‘वर्गातला प्रोजेक्टर बंद असल्याची नोंद झाली की कामकाजाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत तो दुरुस्त होईल किंवा बदली प्रोजेक्टर मिळेल’ हे मोडते, आणि मोडले की तक्रारवहीत दिसते. अशी चाळण लावली की बारा पानांचे दीड पान उरते. तेवढे पुरे.

त्या दीड पानात सगळ्यात वर हवा तो क्रम. तक्रारी तीन, माणूस एक, अशा वेळी आधी कुठे जायचे हे लिहिलेले नसेल तर ज्याचा आवाज मोठा त्याचे काम आधी होते. आमच्या मते क्रम असा : परीक्षा, चालू तास आणि प्रात्यक्षिके, प्रवेश व शिष्यवृत्तीच्या मुदती, कार्यालय, आणि शेवटी एकेकट्या केबिनमधला संगणक. प्राचार्यांची केबिनही याच शेवटच्या गटात. हे महाविद्यालय विकास समितीच्या ठरावात आले तरच टिकेल.

परीक्षेचे कलम जरा सविस्तर लिहा. प्रश्नपत्रिका ऑनलाइन उतरवून केंद्रावर छापायच्या असतील तर परीक्षा कक्षाला इंटरनेटच्या दोन स्वतंत्र जोडण्या हव्यात. नुसत्या कंपन्या वेगळ्या असून भागत नाही, वाटाही वेगळ्या हव्यात. दोन्ही फायबर एकाच चरातून येत असतील तर जेसीबीचा एक फटका दोन्ही तोडतो, आणि सिंहस्थ तोंडावर आला की नाशिकचे रस्ते किती खोदले जातात हे नाशिककरांना सांगायला नको. दुसरी जोडणी सिमकार्डवर चालणाऱ्या राउटरची असली तरी पुरते, कारण प्रश्नपत्रिकेची फाईल लहान असते. पेपरच्या आदल्या दिवशी पहिल्या जोडणीची वायर हाताने काढून दुसरीवरून एक फाईल उतरवून बघायची, हेही त्याच कलमात लिहा.

विजेचे असे. लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसवर लावू नका. कागदावर शाई पक्की करणारा फ्यूजर तापताना प्रिंटर आठशे-हजार वॅटपर्यंत ओढतो. ६०० व्हीएच्या यूपीएसची खरी ताकद साधारण ३६० वॅटची. तो ओव्हरलोड होऊन बंद पडतो आणि सोबत संगणकही जातो. प्रिंटर जनरेटरच्या लाईनवर ठेवा. संगणक, राउटर आणि फायबर येऊन मिळते तो भिंतीवरचा छोटा डबा यूपीएसवर. हा डबा हमखास विसरला जातो. मग वीज गेली की संगणक चालू, राउटर चालू आणि इंटरनेट बंद. यूपीएसच्या बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहा. तीन-चार वर्षांनी ती बदलायची असते, आणि कोंदट खोलीत त्याआधीच.

उरलेली कलमे थोडक्यात. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी महाविद्यालयाच्या ईमेलवर असावी, वेबसाइट करून देणाऱ्याच्या नव्हे; ‘एसी डॉट इन’ नावे एर्नेट इंडिया ही सरकारी संस्था देते, तिथल्या नोंदीत कोणाचा ईमेल आहे ते आजच बघा. प्रशासक खाती दोन माणसांकडे असावीत. महत्त्वाच्या डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक आवाराबाहेर. कायम जोडून ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्क बॅकअप म्हणून धरू नका. रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आला तर तीही कुलूपबंद होते. दर सत्रात बॅकअपमधून एक फाईल परत आणून दाखवायची आणि तारखेसह नोंदवायची. सर्व्हर आणि फायरवॉलच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्यात आणि सायबर घटना ६ तासांत कळवावी, हे आकडे सर्ट-इनच्या (देशाच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) एप्रिल २०२२ च्या निर्देशांतले आहेत, तेच घ्या. सगळ्या यंत्रांची घड्याळे जुळलेली ठेवा, नाहीतर त्या नोंदींवरून काय आधी घडले आणि काय नंतर, हेच लागत नाही.

प्रश्न : ग्रंथालयात एका वेळी दीडशे मुले, दोन ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारे डबे), २०० एमबीपीएसची लाईन. सकाळी वाय-फाय ठीक चालते, अकरानंतर काड्या पूर्ण दिसतात पण काहीच उघडत नाही. लाईन ५०० ची घ्यावी का?
— ग्रंथपाल, कॉलेज रोड

उत्तर : आत्ताच नको. आधी एक तपासणी करा. फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ (म्हणजे जाळ्यातला स्वतःचा क्रमांक मागत आहे) इथे अडकतो का? लॅपटॉपला मिळालेला पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो का? असे असेल तर पत्तेच संपले आहेत, लाईन कितीही मोठी घेतली तरी फरक पडणार नाही. नेहमीच्या मांडणीत एका जाळ्यात २५४ पत्ते असतात आणि दिलेला पत्ता बहुधा २४ तास, कुठे कुठे ८ दिवस राखून ठेवला जातो. सकाळच्या सत्रातली मुले घरी गेली तरी त्यांचे पत्ते अडकलेलेच राहतात. म्हणून डीएचसीपीची (पत्ते आपोआप वाटणाऱ्या यंत्रणेची) मुदत एक-दोन तासांवर आणा आणि जाळ्याचा आवाका ठरवणारा सबनेट मास्क २५५.२५५.२५२.० करा, म्हणजे १०२२ पत्ते मिळतात; वाढलेल्या टप्प्यात दुसरे कुठले जाळे आधीच नाही ना, ते पाहून. बदल संध्याकाळी करा. ज्या प्रिंटरना हाताने पत्ता दिला आहे त्यांचा मास्कही बदलावा लागतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी निम्म्या संगणकांना ते सापडत नाहीत.

पत्ता महाविद्यालयाच्या मालिकेतला नसून भलताच, समजा १९२.१६८.०, असा निघाला तर कोणत्या तरी विभागाने घरचा राउटर आणून भिंतीतल्या सॉकेटला लावला आहे आणि तो स्वतःच पत्ते वाटत सुटला आहे. त्या लॅपटॉपवर गेटवेचा (इंटरनेटकडे नेणाऱ्या राउटरचा) मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, पाहा, स्विचच्या (वायरी एकत्र जोडणाऱ्या डब्याच्या) यादीत तो कोणत्या पोर्टवर आहे ते शोधा, आणि पुढे असे होऊ नये म्हणून स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे परक्या यंत्राला पत्ते वाटू न देणारी सोय, चालू करा. स्वतःचा राउटर लावू नये हे तत्त्व जरूर लिहा. पण लोक तो हौसेने लावत नाहीत, वर्गात सिग्नल नसतो म्हणून लावतात. तक्रारीनंतर किती दिवसांत तिथला सिग्नल मोजायला माणूस येईल, हेही त्याच ओळीत हवे.

पत्ते शिल्लक असूनही अडत असेल तर दुखणे हवेतले आहे. एका ॲक्सेस पॉइंटवर प्रत्यक्ष काम करणारी तीस-चाळीस मुले धरा. दीडशेंना चार लागतील. २.४ गिगाहर्ट्झवर फक्त १, ६ आणि ११ हीच चॅनेल वापरा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. पॉइंटच्या सिग्नलची ताकद पूर्ण ठेवू नका. तसे केले की फोन लांबच्या पॉइंटला चिकटून बसतो. विकत घेताना पीओई (नेटवर्कच्या वायरीतूनच वीज देणाऱ्या) स्विचचे एकूण वॅट बघा : आठ पोर्ट आहेत म्हणून आठ पॉइंट चालतीलच असे नाही. वायर पॅच कॉर्ड (टोकांच्या छोट्या वायरी) धरून १०० मीटरच्या आत हवी. दोन इमारतींमध्ये तांब्याची वायर टाकू नका, फायबर टाका. वळवाच्या पावसात वीज कडाडली की तांब्याच्या वायरीच्या दोन्ही टोकांचे स्विच जळू शकतात.

प्रश्न : मी दृष्टिहीन विद्यार्थिनी आहे. महाविद्यालयाच्या मराठी सूचना पीडीएफमध्ये येतात, पण माझा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर) त्या वाचत नाही किंवा असंबद्ध इंग्रजी अक्षरे वाचतो. कार्यालयाला नेमके काय सांगू?
— एम.ए. प्रथम वर्ष, पंचवटी

उत्तर : दोन वेगळी कारणे आहेत, दोन्ही सांगा. काहीच वाचले जात नाही ती सूचना स्कॅन केलेली, म्हणजे नुसते चित्र आहे. इंग्रजी अक्षरे येतात ती कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. त्यातला मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवला की कार्यालयालाही तीच अक्षरे दिसतील. उपाय एकच : युनिकोडमध्ये टाइप करा, वर्डमधून थेट पीडीएफ करा, छापून स्कॅन करू नका. सही-शिक्क्याची प्रत कार्यालयात ठेवून खाली ‘मूळ प्रत स्वाक्षरित’ लिहिले की झाले. जुन्या फायली परिवर्तकातून काढल्या तर पहिली वेलांटी आणि रफार तपासून घ्यायला सांगा, चुका तिथेच होतात. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे. सूचना लावण्यापूर्वी लिपिकाने ती त्यावर एकदा ऐकावी. ही मेहरबानी नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये माहिती सुगम असण्याची तरतूद आहे.

प्रश्न : प्रवेशाची कागदपत्रे मुले आमच्या लिपिकांच्या व्हॉट्सॲपवर पाठवतात. एका ताईंची बदली झाली आणि निम्मी कागदपत्रे त्यांच्या फोनमध्ये राहिली. पुढे काय करावे?
— कार्यालयीन अधीक्षक, नाशिकरोड

उत्तर : नियम असा ठेवा की कागद पदाकडे येईल, व्यक्तीकडे नाही. प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती असे पदनिहाय ईमेल काढा, अपलोडसाठी फॉर्म द्या आणि फायली कोणाच्या वैयक्तिक ड्राइव्हवर न ठेवता शेअर्ड ड्राइव्हवर ठेवा. फोनमधली आधारची छायाचित्रे आपोआप त्या फोनवाल्याच्या खासगी फोटो-खात्यात चढू शकतात, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ आल्यावर हे अंगाशी येऊ शकते. आधार लागतच असेल तर शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत मागा. त्या ताईंना बोलावून, समोर बसून फायली उतरवून घ्या, मग फोनमधून आणि फोटो-खात्यातून त्या काढून टाका. निवृत्त होणाऱ्यांची खाती घाईने उडवू नका : गुगलच्या शैक्षणिक सेवेत काढलेले खाते २० दिवसांच्या आतच परत आणता येते. आधी फायलींची मालकी हस्तांतरित करा.

प्रश्न : प्रयोगशाळेत विंडोज १० चे चाळीस संगणक आहेत. सगळे भंगारात काढायचे का?
— प्रयोगशाळा सहायक, सातपूर

उत्तर : नाही. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप असेल तर विंडोज ११ चढते. नसेल तर ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी टाकून उबंटू बसवा. सी, पायथन, जावाच्या प्रात्यक्षिकांना ते उत्तम. टॅलीसाठी लागतील तेवढेच संगणक नवे घ्या. जे काढाल त्यांच्या डिस्क आधी पुसा किंवा काढून ठेवा, आणि यंत्रे गल्लीतल्या भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रणकर्त्याला पावती घेऊन द्या.