माझं मेतकूट तिसऱ्या पानावर का?

प्रश्न : मी नौपाड्यात घरीच भाजणी, मेतकूट, डांगराचं पीठ करून एका ऑनलाइन बाजारात विकते. एकदा चव घेतलेली गिऱ्हाइकं परत येतात. नवी येतच नाहीत. शोधलं तर माझं मेतकूट तिसऱ्या पानावर. वरचे सगळे जुने विक्रेते. भाचा म्हणतो, असा बाजार कॉम्प्युटरवर मांडून बघता येतो. त्यातून काही कळेल, की माझाच माल कमी पडतोय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, पान तिसरं आहे म्हणून माल कमी पडतोय, असं मुळीच नाही. कॉम्प्युटर जरा बाजूला ठेवा. डब्यात चवळीचा एक पांढरा आणि एक लाल दाणा टाका. न बघता एक काढा. तो परत टाका, सोबत त्याच रंगाचा आणखी एक. असं शंभरदा. मग डबा रिकामा करून पुन्हा पहिल्यापासून. वाशीला कॉलेजात मी मुलांकडून हे करून घेतो. एका बाकावर पांढरे ऐंशीच्या घरात जातात, मागच्या बाकावर विशीतच अडकतात. सुरुवात सगळ्यांची सारखीच. पहिले चार-पाच दाणे कुठले निघाले, त्यावर बरंचसं ठरून जातं. गणितात याला पोल्याचा कलश म्हणतात.

तुमच्या बाजारातही बहुधा ऑर्डर आली की नाव वर चढतं, वर चढलं की आणखी ऑर्डर. कॉम्प्युटरवर शंभर विक्रेते मांडायचे, प्रत्येकाला चवीचा एक आकडा द्यायचा, गिऱ्हाइकांना पहिली दहाच नावं दाखवायची आणि तोच बाजार पाचशे वेळा चालवायचा. दर वेळी तेच विक्रेते वर येतात का, ते बघायचं. खरा बाजार एकदाच चालतो, म्हणून वरचा तो सर्वांत चांगला असं आपण धरून बसतो. उरी विलेन्स्की यांनी १९९९ साली तयार केलेलं नेटलोगो हे असे बाजार मांडून बघायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. भाच्याला ते जमेल.

हे खऱ्या माणसांवरही तपासलं गेलंय. सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी अनोळखी बँडची ४८ गाणी १४ हजारांहून अधिक श्रोत्यांपुढे ठेवली आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. इतरांनी काय डाउनलोड केलं ते दिसणारे आठ वेगळे गट होते. उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं मात्र गटागणिक काहीही झालं.

भाच्याला आणखी एक करायला सांगा. दहातली एक जागा दर वेळी चिठ्ठी टाकून नव्या विक्रेत्याला द्यायची आणि बाजार पुन्हा चालवायचा. दबलेले चांगले विक्रेते किती वर येतात ते बघा. प्रत्येक ऑनलाइन बाजाराने अशी जागा राखलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

कंपनीचा खरा क्रम नेमका कशावर ठरतो ते आपल्याला ठाऊक नाही, त्यामुळे महिन्याला किती ऑर्डर येतील हे यातून निघणार नाही. पण भाव पाडू नका. जाहिरातीचे पैसे वर्षभर चिमूट-चिमूट टाकण्याऐवजी पुढचं नवं पीठ आणाल त्याच्या पहिल्या पंधरवड्यात टाका, आणि जुन्या गिऱ्हाइकांना तेव्हाच खरा अभिप्राय लिहायला सांगा. भाच्याच्या बाजारात परत येणारी गिऱ्हाइकंही हवीत. ती धरली की चवीचा आकडा किती जड होतो, ते मला जरूर कळवा.