जागतिक जीवनमान क्रमवारीत भारताचा क्रमांक प्रत्येक यादीत वेगळा का असतो?

आपण विचारले आहे की 2025 च्या मानव विकास अहवालात भारत 130 वा आहे आणि त्याच वर्षीच्या जागतिक आनंद अहवालात 118 वा. मग यांतला खरा क्रमांक कोणता, आणि बीडसारख्या जिल्ह्यातील माणसाने त्यातून काय समजून घ्यावे? मी अंबाजोगाईत कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते आणि हा प्रश्न दरवर्षी माझ्या वर्गातही येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

दोन्ही क्रमांक आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण दोन्ही याद्या निरनिराळ्या गोष्टी मोजतात. आनंद अहवालात तज्ज्ञ मंडळी देशांना गुण देतात, हा समज चुकीचा आहे. प्रत्येक देशात साधारण हजार लोकांना दरवर्षी विचारलेल्या एकाच प्रश्नावरून क्रम ठरतो: तळाशी 0 आणि वर 10 अशी एक शिडी डोळ्यांसमोर आणा, सर्वांत वरची पायरी म्हणजे तुमच्या दृष्टीने शक्य असलेले उत्तम आयुष्य, तर आज तुम्ही कोणत्या पायरीवर आहात? तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी काढून देशांचा क्रम लागतो आणि 2018 पासून 2025 पर्यंत फिनलंड सलग पहिला आला आहे. उत्पन्न, आरोग्य, संकटात मिळणारा आधार हे घटक त्या उत्तरांचे स्पष्टीकरण देण्यासाठी वापरले जातात. क्रमांक त्यांच्यावरून ठरत नाही. शहरांच्या ज्या याद्या वर्तमानपत्रांत येतात (उदाहरणार्थ, इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटच्या यादीत 2025 मध्ये कोपनहेगन पहिले होते, त्याआधी तीन वर्षे व्हिएन्ना), त्यांचा एक मुख्य उपयोग परदेशी बदली झालेल्या कर्मचाऱ्याला किती भत्ता द्यावा हे कंपन्यांना ठरवता यावे हा आहे. त्यांच्यावरून आपल्या गावाबद्दल काही निष्कर्ष काढू नये.

मानव विकास निर्देशांक मात्र मी मन लावून वाचते. पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या सहकार्याने 1990 मध्ये तो पुढे आणला, तो केवळ दरडोई उत्पन्नावरून देश मोजण्याची सवय मोडावी म्हणून. त्यात तीन बाजू आहेत: आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न. 2010 पासून या तिन्हींचा गुणोत्तर मध्य (म्हणजे तिन्हींच्या गुणाकाराचे घनमूळ) घेतला जातो, त्यामुळे एका बाजूची दुर्बलता दुसऱ्या बाजूच्या बळावर पूर्णपणे झाकली जात नाही. 2025 च्या अहवालातील भारताचे आकडे 2023 सालचे आहेत: अपेक्षित आयुर्मान 72 वर्षे, मुलांची अपेक्षित शालेय वर्षे 13, प्रौढांची सरासरी शालेय वर्षे 6.9, आणि क्रयशक्तीनुसार दरडोई उत्पन्न सुमारे 9,000 डॉलर. हे आकडे सूत्रात घालून मी वर्गात फळ्यावर हिशेब मांडते, तेव्हा 0 ते 1 या मोजपट्टीवर आरोग्याचा निर्देशांक 0.80, उत्पन्नाचा 0.68 आणि शिक्षणाचा फक्त 0.59 येतो. तिन्ही मिळून 0.685. म्हणजे आपल्याला मागे खेचणारी बाजू शिक्षणाची आहे, आणि शिक्षणातही विशेषतः तो 6.9 चा आकडा, जो 25 वर्षांवरील सर्व प्रौढांची सरासरी आहे.

हा आकडा मला माझ्या घरावरून कळला. आई शाळेत गेलीच नाही, वडील चौथी शिकले, मोठा भाऊ सातवीनंतर त्यांच्याबरोबर ऊसतोडणीला गेला आणि मी एम. ए. झाले. 0, 4, 7 आणि 17 यांची सरासरी 7 येते, म्हणजे जवळपास देशाइतकीच. त्या सरासरीवर आमच्या घरातला एकटा भाऊ उभा आहे, आणि तिच्यात आईचे शून्य दिसतच नाही. ही गेल्या साठ वर्षांची साठलेली उणीव आहे. यंदा कितीही शाळा उघडल्या तरी ती दोन-चार वर्षांत भरून निघणार नाही. श्रीलंका याच यादीत 89 वी आहे, याचे एक मोठे कारण असे की तेथे तेव्हाचे शिक्षणमंत्री कन्नंगरा यांच्या पुढाकाराने 1945 मध्येच मोफत शिक्षण सुरू झाले आणि त्या निर्णयाचा लाभ मिळालेल्या पिढ्या आज प्रौढांच्या सरासरीत मोजल्या जातात.

अपेक्षित शालेय वर्षांच्या 13 या आकड्याबद्दल मात्र सावध राहावे, असे माझे मत आहे. तो शाळेतील नोंदणीवरून काढला जातो. आमच्या भागात दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेल्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात, आणि हंगामी वसतिगृहात किंवा आजीआजोबांजवळ सोय झाली नाही तर लेकरेही कोयत्याबरोबर जातात. पटावर त्यांचे नाव राहते. प्रत्यक्षात ती चार-पाच महिने उसाच्या फडात धाकट्या भावंडांना सांभाळत असतात. अशा मुलाचे ते वर्ष जागतिक तक्त्यात पूर्ण वर्ष म्हणून जमा होते, आणि याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून क्रमांकाऐवजी दोन गोष्टी पाहाव्यात असे मी सुचवीन. पहिली म्हणजे देशाची स्वतःशी तुलना: 1990 मध्ये भारताचे आयुर्मान 58.6 वर्षे होते, ते 72 झाले, आणि ही खरी, मोठी कमाई आहे. क्रमांक मात्र इतर देश किती पुढे गेले यावरही अवलंबून असतो. दुसरी म्हणजे विषमतेनुसार दुरुस्त केलेला निर्देशांक. तो त्याच अहवालात असूनही बातम्यांत क्वचितच येतो. त्यात भारताचे मूल्य 30.7 टक्क्यांनी घटून 0.475 होते. आपण बीडच्या माणसाबद्दल विचारले आहे, आणि त्याचे उत्तर देशाच्या क्रमांकापेक्षा या घटीत अधिक सापडेल, कारण पुण्यातील संगणक अभियंता आणि केज-धारूरचा ऊसतोड कामगार या दोघांची वर्षे व उत्पन्न एकत्र करूनच ते 0.685 तयार झालेले असते.

माझ्या भावाची मुलगी यंदा बारावीला आहे आणि एकाही हंगामात तिची शाळा बुडू दिली गेली नाही. ती 25 वर्षांची होईल तेव्हा तिची वर्षे त्या 6.9 च्या रकान्यात जातील.