जमीन विकून पोराला फुकेतला पाठवावं का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा 19 वर्षांचा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. गावच्या तालमीत वाढलेला, मधली दोन वर्षं कोल्हापुरात राहून कुस्ती केलेला. आता त्याला एमएमएचा, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या मिश्र लढतीचा, व्यावसायिक फायटर व्हायचंय आणि त्यासाठी थायलंडमध्ये फुकेतच्या शिबिरात सहा महिने राहायचंय. एका एजंटानं प्रवास, राहणं, प्रशिक्षण आणि ‘तिकडं फाईट मिळवून देण्याची हमी’ धरून सहा लाख सांगितलेत. ते लिहितात, “वीस गुंठे विकले तर भागतंय, पण मन धजत नाही. पोराचं मनही मोडवत नाही. काय करावं?”

नमस्कार.

जमीन विकू नका, हे आधी सांगतो. मुलाला लढू द्या. परदेशाची पायरी तेवढी आत्ता नको, दीड-दोन वर्षांनी ठेवा.

फुकेतच्या चलोंग भागात एकाच रस्त्यावर ओळीनं अशी शिबिरं आहेत. सकाळी धावणं, दोरी, मग बॅग आणि पॅडवर ठोसे-लाथा, क्लिंच म्हणजे उभ्यानं धरून लढणं. दुपारनंतर पुन्हा तेच. मेहनत खरी आहे आणि शिकवणारेही तयारीचे आहेत. पण फी भरणाऱ्या कुणालाही तिथं प्रवेश मिळतो. वजन उतरवायला आलेला पर्यटक आणि उद्या रिंगणात उतरणारा फायटर एकाच मॅटवर घाम गाळतात. कोचचं खास लक्ष साहजिकच ज्याची फाईट ठरली आहे त्याच्याकडं असतं. ज्यानं अजून एक ठोसाही नीट शिकलेला नाही, त्याचे सहा महिने त्या गर्दीत प्राथमिक धडे गिरवण्यात जातील, आणि ते धडे बेळगाव-कोल्हापुरात कितीतरी कमी पैशांत मिळतात.

आता त्याच्या कुस्तीबद्दल, कारण त्याचं खरं भांडवल तेच आहे. एकेरी पट, दुहेरी पट, ढाक, टांग हे सगळं एमएमएत चालतं. प्रतिस्पर्ध्याला उचलून खाली आणणं शिकायला बाकीच्यांना वर्षं लागतात. तुमच्या पोराच्या ते अंगात आहे. मात्र मातीतल्या दोन सवयी तिथं घात करतात. पाठ लागू नये म्हणून पैलवान पालथा पडून चिवटपणे तग धरतो. मैदानात त्याबद्दल टाळ्या पडतात. एमएमएत पालथं पडणं म्हणजे पाठ देणं. समोरचा वर चढून मागून गळा आवळतो आणि कुस्ती तिथंच संपते. दुसरी सवय डोकं खाली घालून पटात शिरण्याची. त्यात मान समोरच्याच्या काखेत अडकते, नाहीतर तोंडावर गुडघा बसतो. भारतातून जाऊन यूएफसी या एमएमएच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत उतरलेला पहिला फायटर भरत कंदारे 2017 साली शांघायमध्ये पहिल्याच फेरीत अशाच मान आवळणाऱ्या पकडीत सापडला. या सवयी मोडायला ब्राझिलियन जुजुत्सू ही जमिनीवरच्या पकडींची विद्या लागते आणि रोजचा सराव लागतो. वस्तादांना हे समजावून सांगा, ते नाराज होणार नाहीत. तालीम सोडायची नाहीच.

जे पुढं गेले त्यांचा क्रम बघा. रितू फोगट 2019 मध्ये सिंगापूरला गेली ती 23 वर्षांखालच्या जागतिक कुस्तीचं रौप्य गाठीशी बांधून, आणि तिथल्या फाईट टीममध्ये निवड होऊन. 2024 च्या जूनमध्ये यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरलेली पूजा तोमर आधी वुशू या चिनी लढतीच्या खेळाची राष्ट्रीय विजेती होती, मग मॅट्रिक्स फाईट नाईट या भारतीय एमएमए स्पर्धेत लढून विजेतेपदाचा पट्टा मिळवलेली. आधी नाव झालं, मग विमान.

म्हणून माझा सल्ला असा. पदवी पूर्ण करू द्या. तालमीबरोबर वुशूचा सांदा हा प्रत्यक्ष लढतीचा प्रकार धरायला सांगा. त्यात ठोसे आणि लाथांबरोबर फेकीलाही गुण आहेत, पैलवानाला तो लवकर जमतो. वुशू सरकारमान्य खेळ आहे, त्याचं प्रमाणपत्र नोकरीच्या खेळाडू कोट्यात धरलं जातं. 2026 च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत एमएमएचाही समावेश झाला आहे, त्यामुळं हौशी एमएमएकडं वाया गेलेला वेळ म्हणून बघू नका. आपल्या सीमाभागातल्या पोरांची एक अडचण नेहमी दिसते: सराव कोल्हापुरात, कागदपत्रं कर्नाटकातली. जिल्हा आणि राज्य निवडीला कर्नाटकातूनच उतरवा आणि प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवा. दोन्हीकडं थोडंथोडं खेळलेल्या पोराची नोंद कुठंच पक्की होत नाही.

चार-पाच हौशी लढती झाल्या, त्यात एखाद्‌दुसरी हरूनही तो पुन्हा सरावाला उभा राहिला, की मग एका महिन्यासाठी जाऊ द्या. महिन्याभरात कळतं की शरीर आणि मन ते झेपवतंय का. पुढं जास्त राहायचं ठरलं तर थायलंडचा पाच वर्षांचा डीटीव्ही व्हिसा आहे, मुए थाई म्हणजे थाई बॉक्सिंग शिकणाऱ्यांनाही तो मिळतो. एका खेपेला 180 दिवस राहता येतं. पण वय किमान 20 लागतं आणि खात्यात पाच लाख बाथ दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाख रुपयांहून जास्त. तुमचा मुलगा आज वयातच बसत नाही. एजंटानं हे सांगितलं होतं का?

त्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. अनुभव नसलेल्या पोराला फाईटची हमी देणारा माणूस एकतर खोटं बोलतोय, नाहीतर त्याला कुणाच्यातरी हातचा मार खायला उभं करणार आहे. शिबिराची फी थेट शिबिराला भरता येते. ‘तिकडं सोबत नोकरीही लावतो’ असं म्हणाला तर लगेच उठून या. थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली आपली मुलं म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेली गेली आहेत.

शरीराचं मी कठोरपणे सांगणार आहे. डोक्याला मार लागून शुद्ध गेली तर काही आठवडे स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, पूर्ण बंद, मोठी लढत तोंडावर असली तरी. पाणी तोडून वजन उतरवण्याचे प्रकार एकट्यानं करायचे नाहीत, त्यात जीव गेलेले आहेत. साधा प्रवास विमा लढतीतली दुखापत बहुधा भरून देत नाही, कागद नीट वाचून घ्या. जायच्या आधी डोळे, गुडघे, खांदे तपासा. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी, सी यांच्या तपासण्या पुढं व्यावसायिक लढतींना बहुधा मागतात.

पासपोर्ट मात्र आत्ताच काढायला हरकत नाही. पुढच्या पत्रात त्याची उंची, रोजचं वजन, जुनी दुखापत आणि आतापर्यंत कुठल्या गटात कुस्त्या केल्या ते लिहा. पत्र त्यालाच लिहू द्या. त्याला नेमकं काय हवंय ते त्याच्याकडून ऐकलं तर पुढचं नीट सांगता येईल.